नाइट ड्यूटीने मेमरी जाते पण अटेन्शन जात नाही, असं तुझा डेटा खरंच म्हणतोय का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी सायकॉलॉजीत पीएचडी करतेय. रेग्युलर नाइट ड्यूटी करणाऱ्या ४० नर्सेस आणि फक्त डे ड्यूटीवाल्या ४० नर्सेस असे दोन ग्रुप घेऊन तिने दोन टेस्ट दिल्या. एक, मराठी शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने किती शब्द आठवतात ते मोजणं. दुसरी अटेन्शनसाठीची स्ट्रूप टेस्ट, म्हणजे 'लाल' हा शब्द निळ्या रंगात दिसतो आणि शब्द न वाचता रंगाचं बटण दाबायचं असतं. त्यात २४ ट्रायल रंग आणि शब्द जुळणाऱ्या, २४ न जुळणाऱ्या, आणि दोन्हींच्या सरासरी वेळेतला फरक हा स्कोअर. शब्दांच्या टेस्टवर दोन ग्रुपमधला कोहेनचा डी (फरक किती मोठा ते सांगणारा आकडा) आला ०.६२, पी (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.००७. स्ट्रूपवर डी ०.२१, पी ०.३५. गाइड मॅडम म्हणतात, "नाइट ड्यूटीचा परिणाम मेमरीवर होतो, अटेन्शनवर होत नाही" असं कन्क्लुजन लिही. डेटा सायन्समधला मित्र म्हणतो, रिलायबिलिटीचं (म्हणजे मोजमाप किती खात्रीचं, त्याच माणसाचा स्कोअर परत परत किती सारखा येतो, त्याचं) करेक्शन लाव, स्ट्रूपचा डी वाढेल. प्रोग्रेस सेमिनारमध्ये एका सरांनी रिलायबिलिटी विचारली तेव्हा तिने शब्दांच्या टेस्टचा क्रॉनबॅक अल्फा (रिलायबिलिटी सांगणारा एक आकडा) ०.८१ सांगितला, आणि स्ट्रूप स्टँडर्ड टेस्ट आहे म्हणून काढली नाही असं उत्तर दिलं. सबमिशनला चार महिने आहेत. तिचे प्रश्न तीन: स्ट्रूप थिसिसमधून काढून टाकू का, करेक्शन लावू का, की अजून नर्सेस शोधू?

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी मॅडमनी सुचवलेल्या त्या वाक्याकडे जरा थांबून बघू, कारण सगळा गुंता तिथेच आहे. "मेमरीवर होतो, अटेन्शनवर होत नाही" या एका वाक्यात दोन दावे आहेत. एक म्हणजे स्ट्रूपवर काही परिणामच नाही, आणि दुसरा म्हणजे हे दोन परिणाम एकमेकांपेक्षा वेगळे आहेत. तुझ्या आकड्यांमधून यातलं एकही सिद्ध होत नाही.

पहिला दावा बघ. डी ०.२१ आणि दर ग्रुपमध्ये ४० जणी, म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (या डेटाशी जुळणाऱ्या डीच्या किमतींचा पट्टा) साधारण उणे ०.२३ पासून ०.६५ पर्यंत जातो. म्हणजे परिणाम शून्य असू शकतो, किंचित उलट्या बाजूचाही असू शकतो आणि शब्दांच्या टेस्टइतका मोठासुद्धा असू शकतो, तुझ्या डेटाला यातलं सगळंच मान्य आहे. पी ०.३५ चा अर्थ "नाही" असा नसतो, "या डेटावरून सांगता येत नाही" असा असतो. शब्दांच्या टेस्टचा इंटरव्हल साधारण ०.१७ ते १.०७. दोन्ही इंटरव्हल एकाखाली एक काढून बघ, किती ओव्हरलॅप होतात ते लगेच दिसेल.

आता दुसरा दावा. एक रिझल्ट सिग्निफिकंट आला (म्हणजे पी ०.०५ पेक्षा कमी) आणि दुसरा नाही आला म्हणून त्या दोघांतला फरक सिग्निफिकंट होत नाही, तो वेगळा तपासावा लागतो. मी ढोबळ हिशोब केला, दोन टेस्टचा आपसात फारसा संबंध नाही असं धरून ०.६२ आणि ०.२१ मधल्या फरकाचा पी ०.२० च्या आसपास येतो. ही चूक फक्त विद्यार्थी करतात असं समजू नकोस. २०११ मध्ये नीवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी पाच नावाजलेल्या जर्नल्समधले न्यूरोसायन्सचे ५१३ पेपर तपासले, त्यात जिथे अशी तुलना करायची वेळ आली होती तिथे ७८ पेपरांनी ती बरोबर केली होती आणि ७९ पेपरांनी चुकीची. म्हणजे मॅडमचं वाक्य जगभर छापून येतं. पण छापून येतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

इथपर्यंतचं तुला कुणीही स्टॅटिस्टिक्सवाला सांगेल. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची, सेमिनारमध्ये सरांनी जे विचारलं आणि तू जे उत्तर दिलंस त्याची.

डी कसा काढतो? दोन ग्रुपच्या सरासरीतला फरक, भागिले एसडी (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). सगळं लक्ष वरच्या फरकाकडे जातं आणि खालच्या एसडीत काय काय भरलंय ते कुणी बघत नाही. त्या एसडीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, माणसामाणसातला खरा फरक आणि मोजताना झालेला गोंगाट. गोंगाट वाढला की सरासरीतला फरक तेवढाच राहतो, पण एसडी फुगते आणि डी लहान होतो. नातं अगदी साधं आहे: दिसणारा डी म्हणजे खरा डी गुणिले रिलायबिलिटीचं वर्गमूळ. ही कल्पना चार्ल्स स्पिअरमनची, १९०४ सालची, त्याने ती दोन गोष्टींमधल्या कोरिलेशनसाठी (दोन गोष्टी किती सोबत बदलतात त्या मापासाठी) मांडली होती, ग्रुपच्या तुलनेलाही ती तशीच लागू होते. समज खरा डी ०.५० आहे आणि तुझ्या टेस्टची रिलायबिलिटी ०.६४, तर तुला दिसेल ०.४०. ८० टक्के पॉवरसाठी (म्हणजे फरक खरंच असेल तर तो पकडला जायची शक्यता ८० टक्के हवी असेल तर) डी ०.५० असताना दर ग्रुपमध्ये ६४ माणसं पुरतात, ०.४० झाला की १०० लागतात. नर्सेस त्याच, नाइट ड्यूटी तीच, फक्त मोजमाप कच्चं म्हणून ७२ माणसं जास्त.

म्हणून दोन वेगवेगळ्या टेस्टचे डी शेजारी ठेवून "हा मोठा, तो लहान" म्हणणं म्हणजे एक वस्तू सोनाराच्या काट्यावर आणि दुसरी भाजीवाल्याच्या तराजूवर तोलून तोळ्या-माशाचा फरक सांगण्यासारखं आहे. हे नुसतं माझं मत नाहीये. लोरेन आणि जीन चॅपमन या दोघांनी १९७३ मध्ये नेमकं हेच लिहिलं, स्किझोफ्रेनियाच्या संशोधनाबद्दल. तेव्हा पेशंट आणि नॉर्मल ग्रुपची तुलना करून "पेशंटचं अमुक एक कौशल्य जास्त बिघडलंय, तमुक कमी" असे निष्कर्ष भराभर निघत होते. चॅपमन दांपत्याचा मुद्दा असा की पेशंट सगळ्यातच सारखे मागे असले तरी ज्या टेस्टची रिलायबिलिटी जास्त आणि अवघडपणा मध्यम, त्या टेस्टवर फरक जास्त दिसणारच. टेस्टचा गुण माणसाच्या मेंदूच्या नावावर जमा होतो. तुझ्याबाबतीत हे जसंच्या तसं घडलेलं असू शकतं, बरं का. आणि अवघडपणाचा विषय निघालाच आहे तर शब्दांच्या यादीत डे ड्यूटीवाल्यांपैकी किती जणींना जवळपास सगळे शब्द आठवले तेही बघ. बऱ्याच जणी वरच्या टोकाला जाऊन टेकल्या असतील तर तुझा ०.६२ सुद्धा खरा नाही, चेपलेला आहे.

आता "स्ट्रूप स्टँडर्ड टेस्ट आहे" याबद्दल. स्ट्रूपचा परिणाम पक्का आहे यात वादच नाही. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ मध्ये १०० विद्यार्थ्यांवर हे केलं, १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्यांना सरासरी साधारण ६३ सेकंद लागले आणि न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. आजही कुठल्याही वर्गात करून बघ, बहुतेक सगळे अडखळतात. पण सगळेच अडखळतात, हीच तर अडचण आहे. एखादा परिणाम सगळ्यांमध्ये साधारण सारखाच दिसतो तेव्हा तो एक्सपरिमेंट म्हणून उत्तम असतो, आणि त्याच कारणाने माणसामाणसातला फरक मोजायला तो कमजोर पडतो. क्रेग हेज, जॉर्जिना पॉवेल आणि पेट्रॉक समनर यांनी २०१८ मध्ये याला रिलायबिलिटी पॅरडॉक्स असं नाव दिलं. त्यांनी स्ट्रूप, फ्लँकर, गो-नोगो अशा सात नेहमीच्या टास्क त्याच माणसांना दोनदा दिल्या, रिलायबिलिटी ० पासून ०.८२ पर्यंत कुठेही आली आणि बहुतेक टास्कची अपेक्षेपेक्षा बरीच कमी. यातली एकही टास्क नवखी नव्हती.

शिवाय तुझा स्कोअर हा फरकाचा स्कोअर आहे, त्याने आणखी भर पडते. जी नर्स मुळातच फास्ट बटण दाबते ती जुळणाऱ्या ट्रायलवरही फास्ट आणि न जुळणाऱ्यावरही फास्ट, त्यामुळे दोन्ही वेळांचं कोरिलेशन खूप जास्त असतं. वजाबाकी केली की दोन्हींमधली ही पक्की, समान गोष्ट निघून जाते आणि गोंगाट मात्र दोन्हीकडचा शिल्लक राहतो. दोन्ही वेळांची रिलायबिलिटी ०.९० आहे आणि त्यांचं आपसातलं कोरिलेशन ०.८५ आहे असं धर, दोन्हींची एसडी सारखी असेल तर फरकाची रिलायबिलिटी येते ०.३३. दोन चांगली मापं, आणि त्यांची वजाबाकी एवढी कच्ची!

हे आकड्यांच्या पातळीवर बघायचं असेल तर कुठल्याही एका नर्सची फाइल उघड. समज तिच्या न जुळणाऱ्या ट्रायल ६८०, ७१०, ६५५ अशा चालल्यात आणि मधेच एक १९४०, कारण वॉर्डातून कुणीतरी हाक मारली. त्या एका ट्रायलने २४ ची सरासरी ५० मिलीसेकंदांनी सरकते. तिचा अख्खा स्ट्रूप स्कोअरच ८०-९० मिलीसेकंद असेल तर त्यातला केवढा भाग त्या हाकेचा झाला बघ. म्हणून तू आउटलायर (१९४० सारख्या बाकीच्यांपासून फार लांबच्या वेळा) कसे काढलेस, कुठली मर्यादा लावलीस, रिझल्ट बघायच्या आधी ठरवली होतीस की नंतर, हे थिसिसमध्ये स्पष्ट आलं पाहिजे.

तर मग पहिलं काम हे कर. स्ट्रूपचा ट्रायलनिहाय डेटा काढ, प्रत्येक नर्सच्या ट्रायल रँडम दोन भागांत वाट, दोन्ही भागांतून वेगवेगळा फरकाचा स्कोअर काढ, त्यांचं कोरिलेशन काढ आणि स्पिअरमन-ब्राउन फॉर्म्युल्याने (अर्ध्या ट्रायलच्या आकड्यावरून सगळ्या ट्रायलची रिलायबिलिटी काढणारा) पूर्ण लांबीला आण. एकदा वाटून थांबू नकोस, कारण दर वेळी आकडा हलतो, आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये काही हजार वेळा करून सरासरी घे, मित्र डेटा सायन्सवाला आहे तर त्याला हे काम दे, करेक्शनपेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

आणि हे दोन्ही ग्रुपसाठी वेगळं वेगळं कर. तुझा ०.८१ अल्फा तू ८० जणींना एकत्र करून काढलास ना? एकत्र केलं की दोन ग्रुपमधला फरकच "माणसामाणसातला खरा फरक" म्हणून मोजला जातो आणि रिलायबिलिटी फुगते. तुझ्या केसमध्ये डी ०.६२ आहे म्हणून फुगवटा फार नसणार, एखाद-दोन टक्क्यांचाच. पण डी १.५ असता आणि प्रत्येक ग्रुपच्या आत रिलायबिलिटी फक्त ०.५० असती तरी एकत्र केल्यावर ती ०.६८ दिसली असती. पेशंट-कंट्रोल तुलनेच्या अभ्यासात हे सर्रास होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रिलायबिलिटी टेस्टच्या मॅन्युअलमध्ये कायमची लिहून ठेवलेली गोष्ट नसते, ती त्या माणसांवर, त्या परिस्थितीत मिळालेल्या स्कोअरची असते. परदेशातल्या कॉलेज स्टुडंट्सवर काढलेला आकडा तुझ्या नर्सेसना लावता येत नाही, आणि देवनागरी शब्दांवर स्ट्रूप केलीस तर नाहीच नाही.

आता मित्राच्या करेक्शनकडे येऊ. त्याचं म्हणणं गणितात बरोबर आहे. समज स्ट्रूपची रिलायबिलिटी ०.३५ निघाली, तर ०.२१ भागिले त्याचं वर्गमूळ म्हणजे साधारण ०.३६. शब्दांच्या टेस्टची ०.८० धरली तर ०.६२ चे होतात ०.६९. आधी जवळपास तिप्पट वाटणारा फरक आता दुपटीच्या जवळ आला. हे दाखवण्यासारखं आहे, पण करेक्शन फक्त डीला लागत नाही, इंटरव्हललाही तेवढंच लागतं. उणे ०.२३ ते ०.६५ ताणून उणे ०.३९ ते १.१० होतो, म्हणजे अनिश्चितता तेवढीच ताणली गेली आणि पी आहे तिथेच राहिला. वर पुन्हा ०.३५ हा रिलायबिलिटीचा आकडासुद्धा ४० जणींवरून काढलेला अंदाजच, तोही हलणारा. त्यामुळे करेक्ट केलेला डी मूळ डीच्या शेजारी, "रिलायबिलिटी लक्षात घेतली तर" असं लिहून दे. त्याला मेन रिझल्ट करू नकोस.

इथे अजून एक मोह असतो, तो आधीच सांगून ठेवते. "माझं मोजमाप कच्चं असूनही ०.६२ आला, म्हणजे खरा परिणाम याहून मोठाच असणार!" व्हायवात असं बोलायचं मन होईल. एरिक लोकेन आणि अँड्र्यू गेलमन यांनी २०१७ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये दाखवलं की गोंगाट जास्त, सॅम्पल लहान आणि त्यातून फक्त सिग्निफिकंट निघालेलेच रिझल्ट बघितले, तर ते खऱ्यापेक्षा मोठे असण्याचीच शक्यता बरीच असते. २०१५ चा सायकॉलॉजीतले शंभर अभ्यास परत करून बघायचा मोठा प्रोजेक्ट तुला माहीत असेलच, त्यात मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट होते, परत केल्यावर ३६ टक्के, आणि परिणामाचा सरासरी आकार निम्म्यावर आला. तुझ्या ०.६२ कडेही याच नजरेने बघ, आनंद मान, पण ०.१७ ही खालची मर्यादा विसरू नकोस.

एक बारकावा राहिला. रिलायबिलिटी कमी यायला दोन कारणं असू शकतात, गोंगाट जास्त आहे किंवा माणसं मुळातच एकमेकींसारखी आहेत. आकडा दोन्हीकडे सारखाच कमी दिसेल, अर्थ मात्र वेगळा. सगळ्या नर्सेस एकसारख्या असतील आणि नाइट ड्यूटी सगळ्यांना सारखीच मागे ढकलत असेल तर कमी रिलायबिलिटीतही ग्रुपमधला फरक स्वच्छ दिसू शकतो. त्यामुळे नुसता डी देऊन थांबू नकोस. दोन्ही ग्रुपची सरासरी मिलीसेकंदांत दे, एसडी दे, फरक किती मिलीसेकंदांचा ते दे. शब्दांच्या टेस्टमध्ये किती शब्दांचा फरक तेही दे. ०.२१ म्हणजे "स्मॉल" असं कोहेनच्या ०.२, ०.५, ०.८ वरून लिहून मोकळं व्हायची पद्धत पडलीये, पण त्या खुणा दुसरा काही आधार नसेल तेव्हासाठीच्या आहेत, असं तो स्वतःच सांगत होता.

आता तुझे तीन प्रश्न. स्ट्रूप अजिबात काढू नकोस. जमलं नाही ते लपवलं की उरलेला ०.६२ सुद्धा संशयास्पद होतो, आणि पुढे कुणी नाइट ड्यूटीवरचे सगळे अभ्यास एकत्र करायला बसलं तर तुझा ०.२१ त्याला हवाच असेल. करेक्शनचं वर सांगितलंच. अजून नर्सेस शोधाव्यात का, तर माझं मत नाही. रिझल्ट बघून झाल्यावर "थोडे अजून घेऊ, बघू सिग्निफिकंट होतं का" असं केलं की खोटा पॉझिटिव्ह यायची शक्यता वाढते, आणि स्ट्रूप याच २४-२४ ट्रायलवर राहिली तर प्रत्येक नवीन नर्सबरोबर गोंगाटही तेवढाच येणार. त्यापेक्षा ट्रायल वाढवणं कितीतरी स्वस्त पडतं. ०.३३ ची रिलायबिलिटी चौपट ट्रायलवर स्पिअरमन-ब्राउनच्या हिशोबाने ०.६६ होते, म्हणजे तेवढाच परिणाम पकडायला लागणारं सॅम्पल निम्म्यावर येतं. अर्थात नाइट ड्यूटीवाल्या बाईला २०० च्या आसपास ट्रायल करायला लावायच्या तर मधे ब्रेक हवाच, कंटाळ्याने दाबलेली बटणं कुणाच्याच कामाची नसतात. तुझ्या चार महिन्यांत हे बसणार नाही, तेव्हा पुढच्या अभ्यासाची सूचना म्हणून आकड्यासकट लिही.

आणि एक तपासून घे, टेस्ट कुठल्या वेळी घेतल्यास? नाइटवाल्या सकाळी ड्यूटी संपवून थेट आल्या आणि डेवाल्या झोप काढून, असं असेल तर तो प्रश्न रिलायबिलिटीने सुटत नाही. ती तेवढ्यापुरती झोप आणि थकवा आहे, नाइट ड्यूटीचा लांबचा परिणाम नव्हे. तसं असेल तर स्पष्ट लिही.

मॅडमशी कसं बोलायचं ही तुझी खरी धास्ती आहे, पत्रात तू ते थेट लिहिलं नाहीस पण जाणवतं. "तुमचं वाक्य चुकीचं आहे" असं म्हणत जाऊ नकोस आणि हे पॅरडॉक्स-बिरडॉक्स समजावत तर अजिबात बसू नकोस. एक पानभर टेबल कर: दोन टेस्ट, दोन्ही ग्रुपची सरासरी आणि एसडी, मूळ युनिटमधला फरक, डी आणि त्याचा इंटरव्हल, प्रत्येक ग्रुपमधली रिलायबिलिटी. खाली कन्क्लुजनचं तुझं वाक्य लिही, स्ट्रूपची रिलायबिलिटी खरंच कमी निघाली तर साधारण असं: "शब्द आठवण्याच्या टेस्टवर दोन ग्रुपमध्ये फरक आढळला. स्ट्रूपवर फरक आहे की नाही हे या अभ्यासातून ठरवता येत नाही, कारण फरकाच्या स्कोअरची रिलायबिलिटी कमी होती. दोन्ही परिणाम एकमेकांपेक्षा वेगळे आहेत असा निष्कर्ष काढलेला नाही." आणि मॅडमना विचार, "एक्स्टर्नलनी रिलायबिलिटी विचारली तर हे चालेल का?" सेमिनारमध्ये एकदा विचारून झालंय, व्हायवात परत येणारच, हे त्यांनाही माहीत आहे. बहुतेक गाइड अशा वेळी विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहतात, त्यांना फक्त उत्तर तयार आहे एवढं दिसायला हवं असतं.

ज्यांचा डेटा अजून गोळा व्हायचाय त्यांच्यासाठीही थोडं. सॉफ्टवेअर फक्त सरासरी सेव्ह करत असेल तर आत्ताच सेटिंग बदला, प्रत्येक ट्रायल वेळेसकट सेव्ह झाली पाहिजे, नाहीतर नंतर रिलायबिलिटी काढायचा मार्गच बंद होतो. पायलट (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) घेताना नुसतं "टेस्ट चालतेय ना" बघू नका, दहा-पंधरा माणसांचे एसडी आणि स्कोअरचा पसारा बघा, कुणी वरच्या किंवा खालच्या टोकाला चिकटतंय का बघा. एवढ्या माणसांवरून रिलायबिलिटीचा आकडा काढून त्यावर विसंबू नका, तो फारच डळमळीत असतो. दोन टेस्टची तुलना हाच तुमचा मुख्य प्रश्न असेल तर दोन्हींचा अवघडपणा आणि रिलायबिलिटी जवळपास सारखी होईपर्यंत पायलट करत रहा, त्यात महिना गेला तरी जाऊ दे. आणि सॅम्पल साइझ काढताना जुन्या पेपरमधला डी उचलताना त्यांनी किती ट्रायल घेतल्या होत्या ते मेथड सेक्शनमध्ये जाऊन बघा, त्यांच्या २०० असतील आणि तुमच्या ४८, तर तो डी तुम्हाला मिळणार नाही.